ट्रिप ठरवताना तिलाही विचारा!

ग्रुपमधल्या एखाद्या मैत्रिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एमएस असेल, तर हे तुमच्यासाठी. हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीत गाठतो. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. वायरचं इन्सुलेशन सोललं की करंट नीट पोचत नाही, तसंच काहीसं. संसर्गजन्य अजिबात नाही. तिचा डबा खुशाल संपवा.

सुरुवातीला अटॅक येतो, ओसरतो, ती पुन्हा कट्ट्यावर हजर! पण काहींच्या बाबतीत हळूहळू काहीतरी कायमचं हातचं सुटत जातं. आधी जिना जड होतो, मग काठी येते. पहिल्या अटॅकला हॉस्पिटलात अख्खा ग्रुप जातो. तिसऱ्यानंतर व्हॉट्सअॅपवर नुसतं ‘टेक केअर’ उरतं. तिला तुमची गरज असते ती नेमकी तेव्हा.

‘काल तर ठणठणीत होतीस!’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. एमएसचा थकवा दिसत नाही आणि झोप काढूनही जात नाही. उकाड्याने लक्षणं तात्पुरती बळावतात. मे महिन्यातल्या दुपारी दादरचा रेल्वे पूल म्हणजे तिच्यासाठी गड सर करणंच. मग सिनेमा सकाळचा ठरवा, थिएटर लिफ्टवालं बघा. वॉशरूम कुठे आहे तेही आधीच पाहून ठेवा, गाजावाजा न करता. आणि ‘तुला झेपणार नाही म्हणून विचारलंच नाही’ असं कधीही करू नका. विचारा! नाही म्हणायचं की नाही, ते ती ठरवेल. आयत्या वेळी कॅन्सल केलं, तर तोंड वाकडं करू नका.

(रात्री दोनला सापडलेला ‘रामबाण उपाय’ फॉरवर्ड करू नका. तो तिच्या मावशीने आधीच पाठवलेला असतो.)

एक काम मात्र नक्की करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल आणि लिहायला त्रास होत असेल, तर परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, कॉलेजात अर्ज अशा खेपा घालाव्या लागतात. ती हो म्हणाली, तर एक दुपार तिच्यासोबत फॉर्म भरायला बसा. आजाराचा विषय तिने काढला तरच बोला. नाहीतर कॅन्टीनमधली ताजी भानगड सांगा.