दोन पेगनंतरची झोप

दारू घेतली की झोप छान लागते, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच लवकर झोप लागते. लंडन स्लीप सेंटरच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. थोडी घेतलेली असो की जास्त, अंथरुणाला पाठ टेकल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ दारूमुळे कमी होतो, असं त्यात दिसलं. गैरसमज सुरू होतो तो याच्या पुढे. त्याच आढाव्यात रात्रीच्या उत्तरार्धाची हकीकत अगदी वेगळी आहे: तिथे झोप पुन्हा पुन्हा मोडते. पण पटकन लागलेली झोप लक्षात राहते आणि पहाटेची अर्धवट जाग सकाळपर्यंत विसरली जाते. मग दुसऱ्या दिवशीचा थकवा पित्ताच्या, वयाच्या नाहीतर कामाच्या ताणाच्या नावावर जमा होतो. वर्षानुवर्षं असं चालतं आणि खरं कारण कधी चर्चेतच येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला हवं.

गैरसमज : दोन पेग घेतले की गाढ झोप लागते

वस्तुस्थिती : रात्रीचा पहिला भाग गाढ जातो, दुसरा हातातून निसटतो. मेंदूला शांत करणारं ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं आणि त्याला जागं, सावध ठेवणारं ‘ग्लुटामेट’ असतं. अल्कोहोल पहिल्याचा जोर वाढवतं आणि दुसऱ्याला दाबून ठेवतं. त्यामुळे गुंगी येते आणि पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोपेचं प्रमाण थोडं वाढतंही. पण झोप ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रकारची नसते. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागतात आणि ठळक स्वप्नं मुख्यतः तेव्हाच पडतात. या टप्प्याला ‘रेम’ झोप म्हणतात. साधारण दीड तासाच्या चक्रात ती एकदा येते आणि पहाटेकडे तिचा वाटा वाढत जातो. शिकलेलं पक्कं होणं आणि मनावरचा ताण निवळणं यांचा संबंध या झोपेशी आहे. दारू नेमकी हीच झोप मागे ढकलते आणि कापते.

आता घड्याळ लावून पाहू. गटारीची रात्र आहे. नऊ वाजता बसलेला माणूस बारापर्यंत दोन लार्ज आणि एक स्मॉल पेग घेतो, म्हणजे १५० मिलिलिटर व्हिस्की. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे या माणसाच्या पोटात ५० ग्रॅम गेलं. यकृत ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने जाळतं. रक्तातलं अल्कोहोल संपण्याची वेळ येते पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. इतका वेळ दाबून ठेवलेलं ग्लुटामेट त्या सुमारास उसळून येतं. छातीत धडधडतं, घाम येतो, घसा कोरडा पडलेला असतो, विचित्र आणि लख्ख स्वप्नं पडतात. साडेतीनला उघडलेला डोळा पुन्हा मिटत नाही. पुष्कळांना वाटतं, आपल्याला पहाटे जाग येण्याची सवयच आहे. त्यांनी ती जाग कोणत्या रात्रींनंतर येते, हे एकदा नोंदवून पाहावं.

लघवीसाठी उठावं लागतं त्याचंही कारण आहे. शरीरातलं पाणी धरून ठेवायला सांगणारं एक संप्रेरक मेंदूतून स्रवतं. दारू त्याला आवर घालते, म्हणून प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी बाहेर पडतं.

गैरसमज : मी झोपेपुरतीच घेतो, तेवढ्याने काही होत नाही

वस्तुस्थिती : थोडक्या दारूचाही हिशेब शरीरात लागतो. फिनलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार हजारांहून अधिक नोकरदारांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद त्यांच्या नेहमीच्या जगण्यात, त्यांच्या स्वतःच्या घरी घेण्यात आली. दारू न घेतलेली रात्र आणि घेतलेली रात्र अशी प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली. झोपेच्या पहिल्या तीन तासांत शरीर किती सावरतं, हे पाहिलं. थोड्या दारूने ते सावरणं सुमारे ९ टक्क्यांनी घटलं, मध्यम मात्रेने २४ टक्क्यांनी आणि जास्त मात्रेने ३९ टक्क्यांनी. यातली ‘थोडी’ म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला जेमतेम दीड स्मॉल पेग. नियमित व्यायाम करणारेही यातून सुटले नाहीत आणि तरुणही नाहीत. जिममध्ये घाम गाळला की शनिवारची दारू भरून निघते, असं मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

मला याहून जास्त काळजी वाटते ती ‘झोपेपुरती’ या शब्दाची. दारूचा गुंगी आणणारा गुण सलग काही रात्रींतच बोथट होतो. मेंदू सरावतो. मग त्याच झोपेसाठी एकाचे दीड, दीडाचे दोन होतात. झोप मोडण्याचा दोष मात्र कमी होत नाही. दिवसा मरगळ, म्हणून संध्याकाळपर्यंत चहा-कॉफी; त्यामुळे रात्री डोळा लागत नाही, म्हणून पुन्हा पेग. चांगली शिकलेली, घरसंसार नीट सांभाळणारी माणसं या चक्रात सापडतात, कारण सुरुवात मौजेपासून झालेली नसते. ती औषध म्हणून झालेली असते. निद्रानाशावर दारू हे औषध नाही, आणि माझ्या मते या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच.

गैरसमज : बिअर म्हणजे काही दारू नव्हे

वस्तुस्थिती : आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर ‘स्ट्राँग’ असते. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल बसतं, म्हणजे चार स्मॉल पेग. ५ टक्क्यांच्या माइल्ड बाटलीतही अडीच पेग आहेतच. नाशिकच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा प्याला जवळपास दीड पेगाचा. काजूची फेणी झाडाच्या फळापासून होते म्हणून यकृत तिला वेगळी वागणूक देत नाही.

स्वच्छ मद्याने त्रास होत नाही, या समजुतीत थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये काहींना गडद बर्बन व्हिस्की आणि काहींना स्वच्छ व्होडका दिली. गडद दारूतल्या इतर घटकांमुळे व्हिस्कीवाल्यांचं डोकं सकाळी जास्त दुखलं. पण झोपेचा बिघाड आणि सकाळी लक्ष लावण्यातली घसरण दोन्हींत सारखीच होती. डोकं दुखलं नाही म्हणजे मेंदू ताजातवाना आहे, असं धरून चालता येत नाही.

गैरसमज : घोरतोय म्हणजे शांत झोपलाय

वस्तुस्थिती : हा गैरसमज पिणाऱ्यापेक्षा घरच्यांचा असतो. दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे त्यांचा श्वास अशा रात्री अधिक वेळा आणि अधिक काळ थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. जोरात घोरणं, मध्येच शांतता, मग दचकून मोठा श्वास, असं दिसलं तर कुशीवर वळवावं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा विषय काढावा. दारूवर झोपेची गोळी कधीही घेऊ नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या आणि दारू दोन्ही श्वासाचं केंद्र मंद करतात, आणि एकत्र आल्यावर तो श्वास बंदही पडू शकतो.

गैरसमज : लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी उतरते

वस्तुस्थिती : उतरण्याचा वेग यकृत ठरवतं आणि त्याला घाई करायला लावणारी कोणतीही वस्तू स्वयंपाकघरात नाही. लिंबूपाण्याने आणि ताकाने शरीराला पाणी व क्षार मिळतात, तोंडाला चव येते, बरं वाटतं, म्हणून ती जरूर घ्यावीत. कॉफीने डोळे उघडतात. रक्तातलं अल्कोहोल मात्र तेवढंच राहतं. ‘पाणी कमी पडलं म्हणून हँगओव्हर आला’ हेही अर्धंच खरं आहे. अल्कोहोल जळताना तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन, शरीरात उठलेला दाह, पोटाच्या अस्तराची जळजळ आणि मोडलेली झोप असे सगळे मिळून ती सकाळ घडवतात. रक्तातलं अल्कोहोल शून्याकडे येतं तेव्हाच हँगओव्हरचा जोर सर्वात जास्त असतो. सकाळी पुन्हा एक घोट घेतला की बरं वाटतं, कारण त्रास थोडा पुढे ढकलला जातो. ‘उताऱ्या’ची ही सवय व्यसनाच्या वाटेवरची सरळ खूण आहे.

आधी बिअर घ्यावी की वाइन, यावरून मैफलीत वाद रंगतात. जर्मनीतल्या विटन-हर्डेके विद्यापीठाने ९० जणांवर प्रयोग करून २०१९ मध्ये सांगून टाकलं, की क्रमाने काहीच फरक पडत नाही. किती प्यायलात, त्याने पडतो.

इथे गाडीचा प्रश्न येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं गुन्हा आहे. थर्टी फर्स्टच्या रात्री नऊपासून दोन क्वार्टर रिचवणाऱ्याच्या शरीरात १२० ग्रॅम गेलेलं असतं. तासाला ८ ग्रॅम जळतात असं धरलं तर सकाळी आठ वाजता त्यातलं ३० ग्रॅमहून थोडं जास्त शिल्लक असतं, म्हणजे तीन स्मॉल पेग. मध्यम बांध्याच्या माणसाच्या रक्तात हे कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीच्या आसपास जातं. रात्री रिक्षाने घरी येऊन शहाणपणा दाखवलेला माणूस सकाळी मुलांना मागे बसवून बाइक काढतो, तेव्हा तो प्यायलेलाच असतो. ट्रक, एसटी, क्रेन किंवा कारखान्यातली प्रेस चालवणाऱ्याला तर अल्कोहोल पूर्ण उतरल्यावरही सावध राहायला हवं, कारण अर्धवट झोपेने हाताचा वेग आणि नजर दोन्ही मंदावतात.

गैरसमज : दिवसभर राबून अंग दुखतं, थोडी घेतली की थकवा जातो

वस्तुस्थिती : दुखणं काही तास जाणवत नाही, हे खरं. गोदीत, बांधकामावर, उसाच्या फडात राबणाऱ्यांना दुसरा विसावा मिळत नाही, हेही खरं, आणि त्यांना उपदेश करणं सोपं असतं. पण शरीराची झीज भरून निघते ती झोपेत, आणि तीच झोप इथे खर्ची पडते. दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, पण स्नायूंना लागणारं प्रथिन त्यात नसतं. शिवाय दारू जाळण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर बनवायचं काम बाजूला ठेवतं. उपाशीपोटी पिऊन न जेवता झोपलेल्याला पहाटे थरथर, घाम आणि सकाळी गळून गेल्यासारखं होतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत हे जिवावरही बेतू शकतं.

ज्यांना प्यायचीच आहे त्यांच्यासाठी दोन साध्या गोष्टी आहेत: कमी घ्यावी, आणि लवकर आटपावी. जेवणासोबत साडेसातला घेतलेला एक स्मॉल पेग अकरापर्यंत बहुतेक जळून जातो. साडेदहाला घेतलेला झोपेतच जळतो.

गैरसमज : सोडली की झोपच येत नाही, म्हणजे शरीराला तिची गरज आहे

वस्तुस्थिती : सरावलेला मेंदू दारूविना काही काळ अतिजागा राहतो. ही गरज नाही, मागे राहिलेला परिणाम आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची झोप सावरायला आठवडे, कधी महिनेही लागतात. पुन्हा बाटली हातात येते ती पुष्कळदा याच काळातल्या एखाद्या जागरणापायी. म्हणून घरच्यांनी या दिवसांत ‘आता सोडलीस ना, मग झोप की’ असं म्हणू नये.

आणि एक इशारा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने निर्धार करून एका दिवसात एकट्याने दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, आणि उपचाराविना हे प्राणघातक ठरू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच सुरक्षितपणे पार पडतं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे काम आजही करत आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे, आणि झोप, चिंता, उदासी यांबद्दल बोलायचं असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६. घरात कोणी ‘झोपेपुरती’ घेत असेल, तर हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.