रक्त गेल्यावर ‘नॉर्मल’ आकड्यावर विसंबू नका

रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर 120/80 दिसले की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु ज्या ज्येष्ठांचा वरचा आकडा वर्षानुवर्षे 160 च्या आसपास राहिला आहे, त्यांच्या शरीरातून रक्त गेले असेल, तर हाच आकडा धोक्याचा असू शकतो.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. ते कमी होऊ लागताच त्वचा, आतडी आणि मूत्रपिंडे यांकडे जाणाऱ्या लहान धमन्या आकुंचन पावतात व उरलेले रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखले जाते. म्हणूनच हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. पाऊण लिटरपर्यंत रक्त गेले तरी आकडा बहुधा ढळत नाही.

मेंदूतील धमन्या दाब उतरला की सैलावतात आणि पुरवठा टिकवून धरतात. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने त्यांच्या भिंती जाड होतात व हे सैलावणे उणे पडते. क्योतो येथे 1963 मध्ये आनुवंशिक उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांचा वाण तयार झाला आणि या अभ्यासाला वेग आला. पुढे 1970 च्या दशकात उच्च रक्तदाब असलेल्या बबून माकडांचे रक्त हळूहळू काढून पाहिले गेले. निरोगी माकडांच्या मेंदूचा पुरवठा ज्या दाबाला शाबूत होता, त्याच दाबाला यांचा घटू लागला होता. दिलासा एवढाच, की दीर्घकाळ नियमित उपचार घेतल्यास ही क्षमता काही अंशी परत येऊ शकते.

नाडीवरही विसंबता येत नाही. मेटोप्रोलॉलसारख्या औषधांमुळे ती फारशी वाढत नाही.

डोंबिवली वा ठाणे स्थानकाच्या जिन्यावर पडून मांडीचे हाड मोडले, तर बाहेर थेंबही न दिसता लिटरभर रक्त आत साचू शकते. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून रक्तस्राव झाल्यास शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळसर होते, पण अशी चिकट नसते.) सोबत घाम, भोवळ किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर आकडा कितीही चांगला असो, 108 ला दूरध्वनी करावा. घोडबंदर वा कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी आपण जाणताच, उशीर नको. रक्तदाबाची पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. रुग्णालयात पोहोचताच, एरवीचा रक्तदाब किती असतो आणि कोणती औषधे चालू आहेत, हे आधी सांगावे.