वृद्ध राखणदार कुत्र्यास वाहनात चढविण्याची व उतरविण्याची रीत

गोठ्याची, खळ्याची आणि शेतवस्तीची राखण करणारा कुत्रा हा शेतकऱ्याचा जुना सोबती होय. मराठवाड्यात व दख्खनच्या पठारावर आढळणारे कारवान जातीचे उंच कुत्रे साधारणतः २० ते ३० किलो वजनाचे असतात. अंगाने थोराड असलेली कुत्री लहान चणीच्या कुत्र्यांपेक्षा लवकर म्हातारी होतात. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून त्यांचे सांधे आखडू लागतात व मागील पाय अशक्त होतात.

अशा कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास पहिली अडचण दाराशीच उभी राहते. टेम्पो उंच आणि कुत्रा जड! मालक गळ्याची दोरी ओढतो किंवा पुढचे दोन्ही पाय धरून त्याला वर खेचतो. वेदनेने कुत्रा अंगावर येतो व अखेर जाणेच रहित होते. त्याबरोबर रेबीजची वार्षिक लसही राहून जाते. चढविण्याची साधी रीत ठाऊक नसल्याने साऱ्या घराला धोका उत्पन्न व्हावा, ही गोष्ट इष्ट नव्हे.

कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर असतो. वर उडी घेताना मागील पायांना सारे अंग रेटावे लागते, तर खाली उडी टाकताना सर्व धक्का पुढील पायांवर बसतो. म्हणून वृद्ध कुत्र्यास चढतानाही उडी मारू देऊ नये व उतरतानाही मारू देऊ नये.

सर्वांत स्वस्त उपाय शेतातच असतो. वाहनाचा मागील भाग बांधाला किंवा ओट्याला भिडवून उभा करावा. वाहनाचा तळ व बांध एका पातळीत आले म्हणजे कुत्रा आपल्या पायांनी आत जातो. तशी जागा नसेल तेथे फळीची उतरण करावी. फळीची लांबी वाहनाच्या उंचीच्या निदान तिप्पट असावी. म्हणजे तळ ६० सेंटिमीटर उंच असल्यास फळी १८० सेंटिमीटर लांब घ्यावी. रुंदी ४० ते ५० सेंटिमीटर ठेवावी. पाय घसरू नयेत म्हणून फळीवर गोणपाट ठोकावे व आडव्या पट्ट्या माराव्यात. वरचे टोक दोरीने वाहनास बांधावे. डगमगणाऱ्या फळीवर एकदा भ्यालेला कुत्रा पुन्हा सहसा पाय ठेवीत नाही. यासाठी फळी प्रथम जमिनीवर आडवी टाकावी आणि भाकरीचा तुकडा दाखवून कुत्र्यास दोन-चार दिवस तीवरून चालवावे. त्यानंतरच ती उचलून लावावी.

उचलणे अटळ असेल तर दोन माणसांनी उचलावे. एकाने छातीखाली व दुसऱ्याने मांड्यांमागून पुठ्ठ्याखाली हात घालावा आणि पाठ सरळ राखावी. केवळ पोटाखाली हात घालून उचलल्यास पाठीवर ताण येतो. मागचे पाय लटपटत असल्यास त्यांच्या पुढे, पोटाखालून घडी केलेले धोतर किंवा पंचा घालून आधार द्यावा. जखमी कुत्र्यास जाड चादरीवर निजवून चादरीसह उचलावे.

आत गोणपाट किंवा गवत अंथरावे, कारण उन्हात तापलेला पत्रा पाय भाजतो. प्रवास सकाळी लवकर करावा. कुत्रा धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. म्हणून हवा खेळती राहील असे पाहावे व धापा टाकणाऱ्याचे तोंड बांधू नये. उघड्या वाहनात लांब दोरीने बांधू नये. कुत्र्याने बाहेर उडी घेतल्यास गळफास बसतो. शक्यतो एक माणूस जवळ बसवावा. उतरविताना वाहन पूर्ण थांबवून फळी लावावी, नंतरच दोरी सोडावी.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानात ठेवावा. कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल किंवा गिळता येत नसेल, तर त्यास हात न लावता पशुवैद्यकास कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य वाचणे जवळजवळ अशक्य असते.

प्राण्यांना क्लेश होतील अशा रीतीने त्यांची ने-आण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. परंतु कायद्याचा धाक हेच एक कारण असू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या दिवसापूर्वी अशी एक फळी गावात तयार करवून ठेवावी. ती सर्वांच्या उपयोगी पडेल, आणि ज्याने अनेक वर्षे घर राखले त्यास उतारवयात एका फळीचा आधार सहज मिळेल.