वऱ्हाडातील गिधाडांचे पुनरागमन आणि लोकसहभाग

प्रस्तावना :
नष्टप्राय झालेली प्रजाती तिच्या मूळ अधिवासात पुन्हा आणून सोडणे, यास पुनर्स्थापना असे म्हणतात. महाराष्ट्र वनविभाग व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या सहकार्याने जानेवारी 2024 मध्ये ताडोबा व पेंच येथे प्रत्येकी 10 गिधाडे आणण्यात आली. एप्रिल 2025 मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची 15 गिधाडे मेळघाटातील सोमठाणा येथे आली. तथापि पक्षी आणणे हा या कार्याचा केवळ पूर्वार्ध होय. त्याचा उत्तरार्ध अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पशुपालकांच्या गोठ्यात घडावयाचा आहे.

ऱ्हासाची कारणमीमांसा :
1992 ते 2007 या काळात भारतातील लांब चोचीच्या गिधाडांची संख्या सुमारे 97 टक्क्यांनी घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यास कारणीभूत असल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. औषध दिल्यानंतर थोड्याच काळात मेलेले जनावर खाल्ल्यास गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते व युरिक आम्ल अवयवांवर साचून ते दगावते. शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावर दूषित असले तरी गिधाडांची संख्या झपाट्याने घटते. कारण एका मढ्यावर अनेक पक्षी एकत्र जमतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते.

कायदा आणि त्याच्या मर्यादा :
डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये, किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅकवर 2023 मध्ये, तर निमेसुलाईडवर डिसेंबर 2024 मध्ये बंदी आली. परंतु माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक औषधांच्या दुकानांत उपलब्ध आहे. शिवाय गिधाड अभयारण्याची सीमा जाणत नाही. ताडोब्यातून सोडलेले एक गिधाड तमिळनाडूपर्यंत पोहोचले होते. म्हणून केवळ जंगलाचे रक्षण पुरेसे ठरत नाही.

लोकसहभागाचे स्वरूप :
रायगड व गडचिरोली जिल्ह्यांत मृत जनावरे ठरावीक जागी ठेवून गिधाडांना खाद्य पुरविण्याचे प्रयोग ग्रामस्थांच्या साहाय्याने झाले आहेत. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांतही पुढील तीन बाबी शक्य आहेत. पहिली, गुरांसाठी मेलॉक्सिकॅमसारख्या सुरक्षित औषधाचाच आग्रह धरणे. दुसरी, घातक औषध न दिलेले मृत जनावर न पुरता गावाबाहेर उघड्यावर ठेवणे. तिसरी, वाघ-बिबट्याने मारलेल्या जनावरावर सूडापोटी विष न टाकणे, व त्यासाठी नुकसानभरपाई वेळेवर मिळणे. उपद्रव सोसणाऱ्या पशुपालकाकडून केवळ सद्भावनेची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

समारोप :
गिधाड मढे झपाट्याने संपवून परिसर स्वच्छ ठेवते, म्हणजेच त्याचे पुनरागमन गावाच्याही हिताचे आहे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी दत्तक गावांतील पशुऔषधांच्या वापराची पाहणी केल्यास या कार्याला भक्कम आधार मिळेल. गिधाडे आकाशात सोडता येतात. ती तेथे टिकणे मात्र जमिनीवरील माणसांच्या निर्णयावर अवलंबून आहे.