दोन चिठ्ठ्या



27 फेब्रुवारी 2024 ला इस्रायलमध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये व्हायच्या होत्या, पण लढाईमुळे पुढे गेल्या. नेगेव्हमधल्या आमच्या गावात दोन्ही पक्षांची पोरे दारी आली. "आजी, मत द्यायला गाडीने नेतो!" आम्ही दोघांनाही चहा पाजला आणि विचारले, "दवाखान्याजवळच्या बसथांब्यावर बाक कधी बसवणार? म्हातारी माणसे उन्हात उभी राहतात." एकानेच ते वहीत लिहून घेतले.

मुलांनो, ध्यानात ठेवा. पिवळी चिठ्ठी महापौराची, पांढरी कौन्सिलच्या यादीची. दोन्ही एकाच पक्षाच्या हव्यात असे नाही. महापौराला निदान 40 टक्के मते लागतात, नाहीतर दुसरी फेरी. क्नेसेटला मत 18 व्या वर्षी, गावाला मात्र 17 व्या.

आमची नात 17 ची, तिचे पहिलेच मत. कुणाला दे, ते आम्ही सांगितले नाही. तिनेही सांगितले नाही.

आम्ही मात्र चालतच गेलो. गाडीत बसलो असतो तर बाकाचे पुन्हा कोणत्या तोंडाने विचारणार?