इंग्रजीची भीती घालवणारा जिभेचा खेळ

आपल्या वस्त्यांमधील अनेक मुलांना इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग पाठ असते, अर्थही येतो. पण वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की कोणी हसेल या भीतीने ती गप्प बसतात. 'शाळा'ला 'साळा' म्हटले म्हणून जात ताडणारा समाज आपण पाहिलाच आहे.

यावर टंग ट्विस्टर हा बिनखर्चाचा उपाय आहे. कच्च्या-पक्क्या पापडाच्या खेळात जशी सर्वांचीच जीभ अडखळते, तशी इथे शिक्षकांचीही अडखळते. त्यामुळे हसू कोणा एकाच्या वाट्याला येत नाही.

मराठीत 'व' एकच; इंग्रजीत मात्र ध्वनी दोन. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वेस्ट' म्हणताना दात टेकत नाहीत, ओठ गोल होतात. हे मुलांना आरशात दाखवावे. मग 'व्हिक्टर वेन्ट वेस्ट इन अ व्हॅन' हे वाक्य आधी सावकाश, नंतर भरभर म्हणून घ्यावे. 'सी' आणि 'शी'साठी मुलांनाच वाक्ये रचू द्यावीत. आठवड्याला एकच जोडी पुरे.

विहारातील अभ्यासवर्गात रोज 10 मिनिटे यासाठी देता येतील. घरची बोली आपल्याला पुसायची नाही. मुलांनी निर्भयपणे तोंड उघडावे, एवढेच हवे आहे.