बोटावरचा चिमटा काय पाहतो?

सप्टेंबर 2020. महाराष्ट्रात कोविडसाठी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि पैठण रस्त्यावरच्या चितेगावसारख्या गावांत घरोघरी तपासणी होऊ लागली. आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, ऑक्सिमीटर, लावत.

त्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटाच्या आरपार जातात. ऑक्सिजनने भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, रिकामं रक्त जास्त. पलीकडे काय पोचलं, त्यावरून आकडा ठरतो. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल, तर तो चुकू शकतो.

हे माहीत असणं वेगळं. पन्नासाव्या घरीही बोट चोळून गरम करणं, आकडा स्थिरावेपर्यंत थांबणं वेगळं. मला ते थांबणंच मोठं वाटतं. कोविडमध्ये धाप न लागताही ऑक्सिजन उतरायचा. चालत्याबोलत्या माणसाचं दुखणं आधी त्या आकड्यातच दिसायचं.